जावयाचा घोटा

"एक द्यायचा, एक घ्यायचा," दिनानाथकाका म्हणाले. "सरळ साटंलोटं."

बहिरीदेवाच्या देवळापुढं हशा पिकला. साटंलोटं म्हणजे आपली मुलगी त्यांच्या घरात द्यायची आणि त्यांची आपल्या घरात आणायची. मांडखारमध्ये अशी लग्नं आता कुणी करत नाही. शब्द तेवढा उरला आहे. या वेळी मात्र गोष्ट मुलींची नव्हती. कबड्डीच्या गड्यांची होती.

खाडीपलीकडच्या बांधवलीहून निरोप आला होता. तुमचा सदा आम्हाला द्या, आमचा दीपेश तुम्ही घ्या. बांधवलीकडं पकडी करणारे चांगले होते, चढाईला जाणारा नव्हता. मांडखारची नवी पोरं चढाईला तयार होत होती, पण डावा कोपरा रिकामा होता. आणि दीपेशसारखा डावा कोपरा आख्ख्या तालुक्यात नव्हता. मोसम सुरू व्हायच्या आधी अशी अदलाबदल चालते. भाताची कापणी उरकली होती, मोसम तोंडावर आला होता.

सदा देवळाच्या शेवटच्या पायरीवर बसला होता, खांबाला टेकून. बोलणं आपल्याबद्दल चाललंय हे त्याला कळत होतं. पण ते लांबून येत होतं. खाडीत भरती चढताना येतो तसा आवाज.

"सदाला द्यायचा?" संघाचा कप्तान जीवन उसळून म्हणाला. "काका, बरे आहात ना? आपल्या बॅनरवर त्याचा फोटो असतो."

"फोटो गुन आनतो का?"

"एक मोसम वाईट गेला म्हणून?"

"मोसम न्हाय गेला, मानूस गेला," दिनानाथकाका म्हणाले. ते स्वतः कधीकाळी संघाचे कप्तान होते. आता सिमेंट-विटांचं दुकान चालवायचे आणि संघही त्याच जोरावर चालवायचे. "पलीकडं जातो आनि उभा रातो. जसा काय पावना आलाय. या बसा, पानी घ्या."

पुन्हा हशा.

"अरे हळू, तो बसलाय इथंच," कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. सदा हसला. त्यानं हसायला नको होतं. पण त्याला खरंच राग आला नव्हता. काका बोलले ते खोटं नव्हतं.

"बांधवली त्याची सासुरवाडी," मागून एकजण म्हणाला. "बरंच हाय की. सासू भाकऱ्या थापील, हा चढाया करील. घरजावई."

या वेळी हशा आला नाही. शब्द तसाच ओट्यावर पडून राहिला. कुणी उचलायला तयार होईना.

दिनानाथकाकांनी घसा साफ केला. "सदा, जबरदस्ती न्हाय. तुझ्यावर सोरतो. रविवारी सांग. व्हय तर व्हय, न्हाय तर न्हाय."

सदानं मान हलवली. उठला. चालायला लागला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, आपण डावा पाय जरा जपून टाकतोय. पायाला काही झालेलं नव्हतं.

*

सदा घरत पाण्याचा टँकर चालवतो. चौलच्या पुढं एका बोअरवर टँकर भरायचा आणि काशीदच्या कॉटेजांना पाणी नेऊन द्यायचं, हे त्याचं काम. रस्त्याला उजव्या हाताला समुद्र. कधी दिसतो, कधी सुरूच्या झाडांमागं लपतो. वळणावर गाडी आधी वळते आणि आतलं पाणी नंतर. पाणी जरा विचार करतं आणि मग येतं. ते येतानाचा धक्का सदाला आवडतो. त्या धक्क्याला त्यानं कधी नाव दिलं नाही.

केबिनमध्ये तो एकटा असला की पुटपुटतो. कबड्डी कबड्डी कबड्डी. काच बंद करून. श्वास न तोडता. रेवदंड्याच्या पुलाच्या या टोकाला सुरू करायचं आणि त्या टोकाला थांबायचं.

ही सवय लहानपणची. त्याचा बाप मिठागरावर कामाला होता. वाफ्यांमधल्या अरुंद बांधावरून पोरं पळायची. एका श्वासात या टोकापासून त्या टोकापर्यंत. दम तुटला की हरलास. तोल गेला की मिठात. दोन्ही बाजूंना पांढरं. वर ऊन. डोळे आपोआप बारीक व्हायचे. पळता पळता बांध दिसेनासा व्हायचा आणि उरायचं फक्त पांढरं आणि आपलाच आवाज. तो आवाजही आपल्या तोंडून येतोय असं वाटायचं नाही. पलीकडून कुणीतरी बोलावतंय असं वाटायचं.

मिठागर बुजलं. बाप गेला. पण सदा मैदानात उतरला आणि मध्यरेषा ओलांडली की तेच पांढरं यायचं. बघे दिसायचे नाहीत, शिट्टी ऐकू यायची नाही. पांढऱ्यातून हात यायचे, आणि तो त्या हातांच्या मधून निघून यायचा.

"कसा सुटतोस रे?" जीवननं एकदा विचारलं होतं.

"माहीत न्हाय. पांढरं दिसतं."

"डोळ्यांच्या डॉक्टरला दाखव," जीवन म्हणाला होता. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच चढायांवर संघानं ढाल जिंकली होती.

सहा गावांत बॅनर लागले. पोरं त्याच्यासारखे केस कापून घेऊ लागली. सदा टँकर घेऊन गेला की काशीदच्या वाटेवर कुणी ना कुणी हात करायचं. तो हात करायचा आणि पुढं जायचा. त्याला या सगळ्याचं काय करावं कळत नसे. लोक ज्याचं कौतुक करत होते ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. तो तेव्हा पांढऱ्यात असायचा.

मग लग्न झालं. बांधवलीची प्रणाली. सामन्यालाच दिसली होती. ती बांधवलीच्या बाजूला बसली होती आणि सदा बाद झाल्यावर मोठ्यानं टाळ्या वाजवत होती.

लग्नात सासूनं, मनुबाईनं, त्याचे पाय धुतले. तांब्याची मोठी परात. कोमट पाणी. तिनं एकेक पाय हातात घेऊन धुतला, पदरानं पुसला. डावा घोटा पुसताना जरा थांबली.

"योच का पाय सगल्या जिल्ह्याला नाचवतो?" तिनं विचारलं. मांडवात सगळे हसले. सदा लाजला.

मग कानपिळी. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं, असा रिवाज. दीपेश पुढं आला. प्रणालीचा धाकटा भाऊ. दांडगा हात. त्यानं सदाचा कान असा पिळला की सदाच्या डोळ्यांत पाणी आलं. वरात घरी पोचेपर्यंत कान लाल होता.

"दाजी, ध्यानात राहील ना?" दीपेशनं कानात विचारलं होतं.

"ऐकू आलं तर राहील," सदा म्हणाला होता.

*

गेल्या माघात बांधवलीशी सामना पडला. लग्नानंतरचा पहिला. दोन्ही गावांनी आधीच मस्करी सुरू केली होती. जावयाला जपून धरा रे. जावयाला पाट मांडा रे.

शेवटची चढाई सदाची होती. गुण बरोबरीत. तो पलीकडं गेला, पांढरं आलं, आणि त्या पांढऱ्यातून एक हात आला. खालून. डाव्या घोट्यावर. दीपेशचा हात. सदा छातीवर आपटला. मध्यरेषा हातभर लांब राहिली. त्यानं बोटं ताणली. माती नखांत गेली. पकड पक्की होती. सदाला कळलं, संपलं. आणि विचित्र म्हणजे त्याला बरं वाटलं. इतकी चांगली पकड त्याला कुणी कधी घातली नव्हती.

आणि मग ती सुटली.

झटक्यानं नाही. झोपेत मूठ सुटते तशी. एकेक बोट सैल होत गेलं. सदा पुढं सरकला. बोटं रेषेला लागली. शिट्टी झाली. मांडखारच्या लोकांनी त्याला खांद्यावर घेतला. गुलाल उधळला. खांद्यावरून त्यानं वळून पाहिलं. दीपेश मातीत गुडघ्यांवर बसला होता. स्वतःच्या हाताकडं बघत.

ही गोष्ट त्या दोघांनाच माहीत होती. बाकी सगळ्या तालुक्याला माहीत होतं ते एवढंच की दीपेशसारख्याच्या पकडीतून सदा घरत सुटला.

त्यानंतर पांढरं आलं नाही.

सदा चढाईला जायचा आणि त्याला सगळं दिसायचं. बघे, बॅनर, समोरच्या गड्याच्या शर्टावरचं नाव. आणि गुण मिळाला की वाटायचं, हा मिळाला की दिला? त्या गड्यानं खरंच हात घातला होता का? की यानंही सोडला? मग मागचे गुण आठवायचे. त्यांतले किती खरे होते? विचार करता करता समोरचे सातही जण त्याला घेरून उभे असायचे. उरलेला मोसम असाच गेला. दिनानाथकाका म्हणाले तसा तो पाहुण्यासारखा पलीकडं जाऊन उभा राहत होता. कारण एकदा त्याला पाहुणा म्हणून सोडलं होतं.

हे कुणाला सांगणार? सांगितलं तर दीपेश आयुष्यातून उठला असता. आपल्याच गावाशी दगा. बांधवलीत त्याला कुणी पाणी विचारलं नसतं.

*

बैठकीहून तो घरी आला तेव्हा त्याची आई ठमाबाई ओटीवर वालाचं बियाणं निवडत बसली होती. बातमी त्याच्या आधी घरी पोचली होती.

"घरजावई व्हनार म्हने," ती सुपातून मान वर न काढता म्हणाली. "मी जित्ती हाय अजून."

"आये, खेळायलाच जायचंय. राहायला न्हाय."

"लोकांना सांग त्ये. तुझा बाप मिठात मेला, पन गाव सोरला न्हाय त्यानी."

प्रणाली चहा घेऊन आली. सदा तिच्याकडं बघत राहिला. तिला काय वाटत असेल ते तोंडावरून कळेना.

"तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणणार? एकीकडं तुम्ही, एकीकडं भाऊ. आधीपण तसंच होतं, नंतरपण तसंच." तिनं कप ठेवला. "फक्त मी कुठल्या बाजूला बसू तेवढं सांगा. मला दरवेळी ऊन लागतं."

ठमाबाईला हसू आलं. तिनं ते सुपात लपवलं.

सदाला मात्र आईचं बोलणं लागून राहिलं. गेलो तर आयुष्यभर घरजावई. मांडखारच्या देवळापुढं बसलो की कुणी ना कुणी तो शब्द पुढं सारणार. राहिलो तर उभा राहणारा पाहुणा. मग एखाद्या मोसमात बॅनरवरचा फोटोही जाईल, आणि ते योग्यच होईल. त्याला गाव सोडायची भीती होती. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. ते पांढरं पुन्हा कधीच येणार नाही ही.

*

शनिवारी काशीदला टँकर रिकामा केला आणि येताना त्यानं गाडी बांधवलीकडं वळवली. रिकाम्या टँकरला वळणावर धक्का बसत नाही. गाडी हलकी, परकी वाटत होती.

दीपेश किनाऱ्यावर भेटला. थळच्या कारखान्यात तो कंत्राटी कामाला आहे. पहिली पाळी उरकून आला होता. ओहोटी होती. पाणी इतकं मागं गेलं होतं की समुद्र आहे की नाही असं वाटावं. ओल्या वाळूवर आभाळ उतरलं होतं. लांब थळच्या चिमणीचा धूर सरळ वर जात होता.

"दाजी! टँकर घेऊन सासुरवाडीला? पाणी आणलंत की आहेर?"

"रिकामा हाय."

"मग चहा प्या. आई वाट बघते. जावई संघात येणार म्हणून तिनं आत्ताच गल्लीत सांगून ठेवलंय."

"दीपेश, माघात तू मला सोडलास."

दीपेशनं नाही म्हटलं नाही. तो वाळूकडं बघत राहिला. एक खेकडा बिळातून निघाला, थांबला, परत आत गेला.

"कळलं होतं तुम्हाला?"

"घोटा माझा होता."

"कुणाला बोललात?"

"न्हाय."

"ताईला?"

"तिलापण न्हाय."

मग सदा म्हणाला, "कान पिळलास तेव्हा काय जोर होता रे तुझ्या हातात. त्याच्या निम्मा लावला असतास तरी मी तिथंच मेलो असतो."

"कानाचा हक्क हाय आमचा," दीपेश म्हणाला. "बहिणीचा भाऊ हाय मी. पायाचं वेगळं. जावयाचे पाय धुतात, दाजी."

"म्हणून सोडलास?"

"मुद्दाम न्हाय सोडला. आधी घट्टच धरला होता. मग हातात काय हाय ते कळलं. आईची परात आली डोळ्यांपुढं. तिनं पुसलेला पाय. आणि मी तो धरून तुम्हाला तोंडावर पाडतोय. हाताला काय झालं मलाच कळलं न्हाय. नंतर वाटलं, गाव विकलं मी. तेव्हापासून मीपण कुणाचा घोटा धरला की आधी बघतो, कुणाचा हाय."

सदाला आश्चर्य वाटलं. खाडीच्या दोन्ही बाजूंना एकच दुखणं होतं आणि दोघांनी ते एकमेकांपासून लपवलं होतं.

त्यानं चप्पल काढली. टाचेनं वाळूत एक रेष ओढली.

"धर आता. इथं कुणी न्हाय."

त्यानं दम घेतला. कबड्डी कबड्डी. दीपेश वाकला. ओल्या वाळूवर दोघं गोल फिरले. दीपेशचा हात आला, बरोबर घोट्यावर. सदा पडला. वाळू थंड होती. त्यानं ओढ घेतली. पकड होती, होती, आणि नव्हती.

"पुन्हा," सदा म्हणाला.

पुन्हा तेच. पुन्हा. वाळूवर खुणा वाढत गेल्या. शेवटी दीपेश खाली बसला. हात मांडीवर उलटे ठेवून.

"हात ऐकत न्हाय, दाजी. तुम्ही जावई बांधवलीचे, मी बांधवलीचा. मी कसा पाडू तुम्हाला?"

सदा वाळूवर उताणा पडून राहिला. आभाळ वर होतं आणि बाजूलाही होतं. खूप लांबून पाण्याचा आवाज येत होता. भरती फिरली असावी. आणि मग वळण घेतल्यावर टँकरमधलं पाणी मागून येतं तसा एक विचार आला.

"दीपेश, साटंलोटं झालं तर तू कुणाचा?"

"मांडखारचा."

"आणि मी?"

"बांधवलीचे."

"मग माझा घोटा हातात आला आणि तू सोडलास, तर गुण कुणाचा जाईल?"

दीपेशनं विचार केला. "मांडखारचा."

"मांडखार कुणाचं गाव?"

"तुमचं." मग तो थांबला. सदाकडं बघू लागला. "ताईचं."

"मग सोडशील?"

"ताईच्या सासरच्या संघातून खेळायचं आणि ताईच्या सासरलाच दगा द्यायचा?" दीपेश एकदम ताठ बसला. जणू कुणी त्याच्यावर आळ घेतला होता. "कान पिळलाय मी तिच्यासाठी. तिला काय तोंड दाखवू? न्हाय सोडणार. सोडताच येणार न्हाय."

सदा उठला. पाठीवरची वाळू त्यानं झटकली नाही.

"मग चल, चहा पिऊ," तो म्हणाला.

*

रविवारी देवळापुढं गर्दी होती. सदा या वेळी पायरीवर बसला नाही. उभा राहिला.

"करा साटंलोटं," तो म्हणाला.

कुणालाच हे अपेक्षित नव्हतं. दिनानाथकाकांनासुद्धा. त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला.

"इचार केलास?"

"केला."

"सदा, वेडा आहेस का?" जीवन म्हणाला. "नाही म्हण. मी बघतो कोण काय बोलतो ते. एक मोसम मी तुला सांभाळून घेईन."

तेच तर नको होतं. सदा ते बोलला नाही. बोललं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

"घरजावई म्हणतील तुला," त्या दिवशी कुणी न उचललेला शब्द जीवननं उचलला. त्याचा आवाज फाटला होता.

"म्हणू देत. झोपायला इथंच येणार हाय."

लोक हसले. जीवन हसला नाही. तो उठून गेला आणि बरेच दिवस सदाशी बोलला नाही. सदानं मांडखारचा शर्ट धुऊन, घडी घालून संघाच्या खोलीत ठेवला. ठेवताना त्याला वाटलं तितकं वाईट वाटलं नाही. त्याहून जास्त वाटलं. तो खोलीत थोडा वेळ उभा राहिला. भिंतीवर जुन्या ढाली होत्या, धूळ धरलेल्या. मग दार ओढून घेतलं.

ठमाबाईनं एवढंच विचारलं, "सामना कवा हाय?"

"पौषात."

"येईन मी बघाला. पन बसेन मांडखारच्या अंगाला."

"बस."

"ओरडेन पन मांडखारसाठीच."

"ओरड की."

ती त्याच्याकडं बघत राहिली. तिला पोरगा ओळखू येईना, आणि बहुतेक त्यामुळंच तिनं पुढं काही विचारलं नाही.

*

पौषात शेतांमधून पोपटीचा धूर निघतो. वालाच्या शेंगा मडक्यात भरून भाजतात, भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास सगळ्या शिवारावर पसरतो. त्या दिवशी संध्याकाळच्या उन्हात तो धूर मैदानावर येऊन थांबला होता. माणसं त्यात अर्धी दिसत होती. मांडखार एका बाजूला, बांधवली दुसऱ्या. प्रणाली पंचांच्या टेबलामागं बसली होती, बरोबर मध्यरेषेच्या टोकाला. तिथं ऊनही लागत नव्हतं.

सदाच्या अंगावर बांधवलीचा निळा शर्ट होता. तो चढाईला निघाला तसा मांडखारच्या बाजूनं गलका झाला.

"आला रे घरजावई!"

"भाकऱ्या खाऊन जड झालाय, धरा!"

शब्द आले आणि अंगावरून गेले. त्यानं श्वास भरला. मध्यरेषा ओलांडली. समोर सगळे त्याचेच गडी. जीवन मधे. त्याच्या डोळ्यांत राग होता. खरा, न लपवलेला राग. हा आपल्याला सोडणार नाही, हे सदाला कळलं. त्याला इतकं हलकं वाटलं की पाय मातीला लागतायत की नाही ते कळेना.

डाव्या कोपऱ्यात दीपेश. वाकलेला. तो सदाच्या तोंडाकडं बघत नव्हता. घोट्याकडं बघत होता.

कबड्डी कबड्डी कबड्डी.

सदा आत शिरला. एक पाय लांबवला, फिरला, जीवनच्या हाताखालून निसटला. आणि आवाज बारीक होत गेला. बघ्यांचा, शिट्टीचा, सगळ्यांचा. धूर पांढरा झाला. मग धूरही राहिला नाही. दोन्ही बाजूंना पांढरं, वर ऊन, आणि पलीकडून कुणीतरी त्याच्याच आवाजात बोलावत होतं.

त्या पांढऱ्यातून हात आला.

खालून. डाव्या घोट्यावर. सदा छातीवर आपटला. मध्यरेषा समोर होती. त्यानं बोटं ताणली. ओढ घेतली. सगळ्या अंगानं, सगळ्या दमानं. हात जागचा हलला नाही.

"अरे जावई हाय रे माझा!" बांधवलीच्या गर्दीतून मनुबाईचा आवाज आला.

आणि समोरून ठमाबाई उभी राहिली. पदर खोचलेला. "तुझा जावई असंल! माझा पोरगा हाय त्यो! दीपेश, सोरू नको त्याला! सोरू नको!"

दोन्ही बाजू हसायला लागल्या. पंच हसले. दीपेश हसला नाही. त्याचा श्वास सदाला पोटरीवर लागत होता. सदानं पुन्हा ओढ घेतली. बोटं आणखी रुतली. एकेक बोट वेगळं कळत होतं, आणि एकही सैल होत नव्हतं. मग जीवन वरून पडला, मग बाकीचे. दम तुटला. शिट्टी झाली.

बाद.

मांडखारच्या बाजूनं गुलाल उडाला. दीपेशला मिठ्या पडल्या. सदा उठला आणि बाद गड्यांच्या जागी जाऊन बसला. पाय पुढं घेतला. घोट्यावर चार बोटं उमटली होती, लाल. आंगठा मागच्या बाजूला असावा. तो त्यांच्याकडं बघत राहिला. बांधवलीचा एक गडी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे, होतं." मग त्याला दिसलं की सदा रडत नाहीये, हसतोय. त्यानं हात काढून घेतला.

टेबलामागून प्रणाली सदाकडं बघत होती. मग तिनं भावाकडं पाहिलं. पुन्हा सदाकडं. तिला काय कळलं कुणास ठाऊक. तिनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. लग्नाआधी वाजवायची तशा, मोठ्यानं.

थोड्या वेळानं बांधवलीनं एक गडी टिपला आणि पंचांनी सदाला आत बोलावलं. चढाई त्याचीच होती. घोटा ठणकत होता. तो मध्यरेषेपाशी आला, वाकून रेषेवरच्या मातीला हात लावला, तो हात कपाळाला लावला.

पलीकडं दीपेश वाकून उभा होता. हात उघडे. या वेळी त्यानं मान वर केली आणि सदाकडं सरळ पाहिलं.

"या दाजी," तो म्हणाला.

सदानं श्वास भरला.